जात्याखालची मोटर

वायपर मोटर बंद केली तरी लगेच थांबत नाही. आपली चालू फेरी पुरी करते, मूळ जागी येते आणि मग थांबते. गाडीच्या काचेवरची पाती अर्ध्यातच उभी राहू नयेत म्हणून कारखान्यातूनच तिला ही सवय लावून पाठवतात. गाडी भंगारात जाते, काच फुटते, पाती कुणीतरी काढून नेतं, तरी सवय सुटत नाही. टेबलावर नुसती ठेवा, बॅटरीला जोडा, पार्किंगची तार तेवढी चालू राहू द्या आणि मुख्य बटण मधेच बंद करा. ती घरी जाऊनच बसणार. मला ही मोटर आवडायला लागली ती या स्वभावामुळे.

दिसायला देखणी नाही. एका बाजूला मुठीत जेमतेम मावेल असा काळ्या पत्र्याचा डबा, त्यात चुंबक आणि तांब्याच्या तारेचं आर्मेचर. त्याला आडवी जोडलेली ॲल्युमिनियमची चपटी पेटी आणि पेटीतून बाहेर आलेला आट्यांचा आखूड शाफ्ट. १२ व्होल्टची असेल तर जीप, टेम्पो नाहीतर मारुतीतून आलेली. २४ ची असेल तर एसटी किंवा ट्रकमधून. अंगावर बरेचदा लुकासचं नाव असतं, पण ते वाचायला आधी रॉकेलच्या बोळ्याने ग्रीस पुसावं लागतं. गणपतीचे हलते देखावे करणाऱ्याच्या पेटीत पाना, पकड, सोल्डरिंग गन आणि ही मोटर हमखास सापडणार. भीम गदा उचलतो, वारकरी टाळ वाजवतो, कालिया फणा डोलावतो. पडद्यामागे बहुतेक वेळा हीच असते.

आमचा गट कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीचा. चित्र काढणारे, सुतारकाम करणारे, नाटकात रमलेले, असे जमलो आहोत. बघणाऱ्याने हात लावला, जवळ आला, बसला की काहीतरी घडावं अशा वस्तू आम्ही करतो. मी तंत्राचं बघतो. शहरातल्या कलादालनांत या कामाला क्रिएटिव्ह टेक्निशियन म्हणतात, मंडपात मोटरवाला म्हणतात. दोन्हीकडे काम तेच: कुणाच्या तरी डोक्यातली हालचाल लोखंड, लाकूड आणि विजेकडून करून घ्यायची. ती हजार वेळा झाली तरी एकदाही कुणाचं बोट अडकता कामा नये.

मोटरीच्या चपट्या पेटीचं झाकण तीन-चार स्क्रूंनी बसवलेलं असतं. ते उघडलं की आत घट्ट, पिवळट ग्रीस आणि त्यात रुतलेलं नायलॉनचं पांढरं दातेरी चाक. डब्यातून आलेल्या शाफ्टच्या टोकाला आटे पाडलेले असतात, त्याला आम्ही वर्म म्हणतो. वर्मची एक फेरी झाली की चाक एका दात्याने पुढे सरकतं. म्हणजे आत मिनिटाला हजारोंनी फेऱ्या होतात आणि बाहेरचा शाफ्ट साधारण चाळीस-पंचेचाळीस फेऱ्या फिरतो, दुसरा वेग जोडला तर साठ-पासष्ट. आतली सगळी धावपळ बाहेर ताकद होऊन येते. चिखल, पाला, ओला धुरळा पुसायला ती बनलेली आहे, त्यामुळे ओझ्याखाली सुरू व्हायला कुरकुरत नाही. चाकाच्या पाठीवर पितळेची एक चकती असते, तिला एका जागी खाच. घराचा पत्ता त्या खाचेत आहे. तारेचा संपर्क खाचेवर आला की वीज तुटते.

तिचा दुसरा स्वभाव म्हणजे हट्ट. वर्म चाकाला फिरवू शकतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. बाहेरच्या शाफ्टला पाना लावून जोर करा, ती हलणार नाही. फारच जोर केला तर नायलॉनचे दाते तुटतील, पण मागे येणार नाही. देखाव्यात याचा मोठा आधार असतो. भर गर्दीत वीज गेली तर मारुतीने उचललेला डोंगर खाली कोसळत नाही, आहे तिथेच राहतो. साधी मोटर वापरली असती तर डोंगर, हात आणि आतली लाकडी काठी सगळं एकदम खाली आलं असतं आणि पुढच्या रांगेत मुलं बसलेली असतात.

भिवपुरीत राहून विजेबद्दल उगाच बोलता येत नाही. रेल्वेचं भिवपुरी रोड स्टेशन एकीकडे, पण ज्यामुळे या नावाला शंभर वर्षांचं वजन आलं ते पॉवर हाऊस दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी, टाटांच्या कॅम्पाजवळ. वर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण बांधलं, डोंगरातून बोगदा काढला आणि पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून पाणी पोलादी नळांतून खाली आणलं. १९२२ साली भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचं झालं होतं, नंतर १९२७ मध्ये भिऱ्याचं. इतक्या उंचीवरून येणाऱ्या पाण्यासाठी पेल्टन चाक लागतं: कडेला जोडवाट्या बसवलेलं चाक, त्यावर पाण्याचा बारीक, जबरदस्त झोत. चाक फिरतं, त्याच्याबरोबर जनित्र फिरतं, वीज तारांवरून मुंबईला जाते. मुख्यतः तिथल्या कापडगिरण्यांसाठी हा सगळा खटाटोप होता. काम झालेलं पाणी पेज नदीत येतं, राजनाल्यातून शेतांना मिळतं. उन्हाळ्यात कर्जत तालुक्यात हिरवं भात दिसतं त्याचं कारण हे. पुढे उल्हास नदी बारमाही वाहते तीही या पाण्यावर. धरणाखाली ज्यांची गावं गेली त्यांचा हिशेब वेगळा आहे, तो मावळाने आणि मुळशीने सोसला. १९२१ मध्ये मुळशीत सेनापती बापट उभे राहिले ते त्याचसाठी.

पॉवर हाऊसमध्ये गोल फिरण्यापासून वीज होते. आमच्या टेबलावर विजेपासून गोल फिरणं होतं. जनित्र आणि मोटर मुळात एकच यंत्र, फक्त दिशा उलटी. आता भिवपुरीत १,००० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प करण्याचा टाटा पॉवरचा करार २०२३ मध्ये राज्य सरकारशी झाला आहे. उदंचनात दोन्ही दिशा चालतात: मागणी कमी असताना पाणी पंपाने वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. शाळेतल्या मुलांना हे सांगताना मी दोन वायपर मोटरी घेतो. एकीची गिअरची पेटी काढून टाकतो, नुसतं आर्मेचर दोरीने फिरवतो आणि तारांना लावलेला छोटा एलईडी पेटतो. दुसरी पेटीसकट देतो आणि म्हणतो, आता हिचा शाफ्ट फिरवून दिवा लाव. कुणालाच जमत नाही. मग झाकण उघडून वर्म दाखवतो. हा पाच मिनिटांचा धडा मुलं विसरत नाहीत.

जातं दाखवायची कल्पना गटातल्या चित्रकार ताईची. घराघरात जातं होतं तेव्हा बायका पहाटे उठून दळत, दळताना ओव्या म्हणत. पुढे गावोगावी पिठाची गिरणी आली, आधी इंजिनावर, मग विजेवर, आणि जाती मागच्या पडवीत गेली, नाहीतर तुळशीपाशी पायरी म्हणून बसवली गेली. हात सुटले हे चांगलंच झालं; जात्याने किती बायकांच्या खांद्यांचं काय केलं ते त्या खांद्यांना विचारावं. पण ओव्याही सुटल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून, मावळ-मुळशीत तर फारच, लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या, म्हणून निदान कागदावर आणि ध्वनिमुद्रणात राहिल्या. ज्या मावळातलं पाणी भिवपुरीला येऊन वीज झालं, त्याच मावळातल्या या ओव्या. ताईला हा धागा देखाव्यात आणायचा होता.

नेहमीसारखा देखावा करायचा तर सोपं होतं. जात्यावर बसलेली बाई, खाली मोटर, बाई दिवसभर गरागरा फिरते, स्पीकरवर ओवी वाजते. लोक येतात, बघतात, पुढे जातात. ताई म्हणाली, "दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरून दळायच्या ना? मग एकच बाई करू. समोरचा पाट रिकामा." पाटावर कुणीतरी बसावं, खुंटा धरावा आणि समोरच्या बाईने साथ द्यावी. कुणी नसेल तर तिने हात खुंट्यावर ठेवून वाट बघावी. ऐकायला दोन वाक्यं. पण माझ्या मोटरीला आयुष्यात कुणाची वाट बघायची सवय नव्हती.

आवाजावर चालवावं, कुणी ओवी म्हटली की जातं फिरावं, हा पहिला विचार होता. गणपतीच्या मंडपात तो टिकला नसता. आरती, ढोल, लाऊडस्पीकर, पोरांचा गलका. बाईने रात्रंदिवस दळण दळलं असतं. म्हणून हाताला हात लागला पाहिजे हे नक्की झालं.

खालची तळी खऱ्या दगडाची घेतली, वरची प्लायवुडची केली आणि तिच्यावर सिमेंटचा पातळ थर देऊन टाकीचे घाव उमटवले. मोटर खालून, शाफ्ट तळीच्या भोकातून वर. बाईचा हात खुंट्याला बांधला, खांदा आणि कोपर सैल ठेवले, कमरेला बिजागरी दिली. बाकी काही करावं लागत नाही. तळी फिरली की हात फिरतो, हातामागे खांदा जातो, कंबर पुढे-मागे झुकते. कंबरेचं ते झुकणं पाहून सुतारकाम करणारा आमचा दादा म्हणाला, "आईच बसली की!" त्याने बाईचा चेहरा अजून बसवलाही नव्हता.

अडचण होती ती मोटरीच्या हट्टाची. समोर बसलेल्याने खुंटा ढकलला तर मोटर जागची हलत नाही. आणि एकदा फिरायला लागली की धरलेल्या हाताला ओढून नेते. लहान मुलाचा हात असेल तर? म्हणून शाफ्ट आणि तळी यांच्यामध्ये जाड नमद्याची चकती घातली आणि वरून स्प्रिंग आणि नटाने दाब दिला. ढकललं तर तळी नमद्यावर घसरते, अडवलं तरी घसरते. मोटर खाली आपल्या गतीने फिरत राहते. हा दाब किती ठेवायचा हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. नट जरा जास्त आवळला तर हात ओढला जातो, जरा सैल राहिला तर बाई दुबळी वाटते. पाव फेरी आवळायचं, डोळे मिटून खुंटा धरायचा, पुन्हा पाव फेरी सैल करायचं. समोर कुणीतरी आहे असं हाताला वाटेपर्यंत हे चाललं. माझ्या मते अख्ख्या देखाव्यातली कला त्या नटात होती आणि तो नट प्रेक्षकाला दिसत नाही.

आता मोटरीला कळायला हवं की हात लागला. फिरत्या तळीवर तार नेली तर ती गुंडाळली जाणार. म्हणून वरच्या तळीच्या पोटात बारीक चुंबक गोलाकार बसवले आणि खालच्या तळीच्या काठाशी हॉल सेन्सर. चुंबक समोरून सरकला की सेन्सर आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डला कळवतो. कुणी खुंटा किंचित ढकलला, तळी नमद्यावर बोटभर घसरली, की मोटर हळूच सुरू. पुढे ढकलत गेलं तर वेग वाढवायचा, ओढून धरलं तर कमी करायचा. या मोटरीच्या कार्बनमधून ठिणग्या उडतात आणि त्यांच्या विजेच्या गोंधळाने आर्डुइनो मधेच नव्याने सुरू होतो, हे सगळ्या मोटरवाल्यांना माहीत आहे. त्यावर तिच्या तारांशी १०४ नंबरचा चपटा कपॅसिटर जोडायचा आणि सेन्सरच्या तारा मोटरीच्या तारांपासून लांबून न्यायच्या. शिवाय पुष्कळशा वायपर मोटरींचं पत्र्याचं अंगच निगेटिव्ह असतं. लोखंडी सांगाड्याला ठोकली की अख्खा सांगाडा तारेचं काम करू लागतो. खाली लाकडाचा तुकडा आणि नायलॉनचे वॉशर घालायचे, हे आधी करायचं, नंतर नाही.

सुरू होणं जमलं. थांबणं अवघड होतं. बसलेली बाई उठून गेली हे मोटरीला कसं कळणार? पाटाखाली बटण लावता आलं असतं, पण लोक पाटावर बसतात, उकिडवे बसतात, उभ्याने वाकून खुंटा धरतात. उत्तर सेन्सरच्या आकड्यांतच सापडलं. खुंट्यावर माणसाचा हात असला की फेरी कधीच एकसारखी होत नाही. ओढताना वेग वाढतो, दूर ढकलताना कमी होतो, कुणी बोलायला लागलं की रेंगाळतो, हसलं की झटका बसतो. हात नसला की मोटर एकटीच फिरते आणि तिची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीइतकीच होते. म्हणून मोटरीला सांगितलं: दोन फेऱ्या अगदी सारख्या झाल्या, की समोर कुणी नाही. मग सावकाश हो आणि घरी जा. तिचं कारखान्यातलं घर मात्र इथे चालत नव्हतं, कारण नमद्यावर घसरलेली तळी भलत्याच कोनात यायची आणि बाई पाठमोरी वळल्यासारखी थांबायची. पार्किंगची तार मी तोडली नाही, गुंडाळून टेप लावून ठेवली. तळीखाली एक चुंबक उलट्या ध्रुवाने बसवला. तो सेन्सरसमोर आला की तेच आता घर.

काचेवरच्या वायपरलाही थांबणं उशिरा आलं. अमेरिकेत अलाबामाच्या मेरी अँडरसन यांना वायपरचं पेटंट मिळालं १९०३ मध्ये. त्यांचा वायपर चालकाने आतून दांडा ओढून हलवायचा होता, म्हणजे मोटरीच्या जागी माणसाचाच हात होता. पुढे मोटर आली, ती सतत चालायची. रिमझिम असली तरी कोरड्या काचेवर घासत राहायची. डेट्रॉइटच्या रॉबर्ट कर्न्स या अभियंत्याचा डावा डोळा लग्नाच्या रात्री शॅम्पेनच्या बुचाने जवळजवळ गेला होता. डोळ्याची पापणी सतत हलत नाही, मधे थांबून लवते, हे त्याच्या मनात राहिलं. कपॅसिटर हळूहळू भरतो, पुरेसा भरला की ट्रान्झिस्टर मोटरीला एक फेरी मारायला लावतो, कपॅसिटर रिकामा होतो, पुन्हा भरायला लागतो. भरण्याचा हा वेळ म्हणजे वायपरचं थांबणं. १९६४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पुढे मोटार कंपन्यांनी असे वायपर बसवले तेव्हा तो कोर्टात गेला, बरीच लढाई स्वतःच लढला, आणि १९९० मध्ये फोर्डला त्याला एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यावी लागली. नुसते पैसे घेऊन मिटवायला तो तयार नव्हता. हे आपण केलं हे मान्य व्हावं, ही त्याची मागणी होती. मला कर्न्सचं हे अगदी जवळचं वाटतं. त्याचं सर्किट मी पहिल्यांदा जोडलं आणि मोटर फेरी मारून थांबली, विचार केल्यासारखी थांबली आणि पुन्हा निघाली, तेव्हा या यंत्रात स्वभाव घालता येतो हे मला कळलं.

कलेत तंत्रज्ञाची जागा कुठे, हा प्रश्न आमच्या मंडपापुरता नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या अंगणात १९६० मध्ये ज्यां टँगली यांनी सायकलची चाकं, भंगारातल्या मोटरी, एक पियानो असं जोडून एक अजस्र यंत्र उभं केलं, जे लोकांसमोर स्वतःला मोडत गेलं. त्यांच्या मदतीला बेल प्रयोगशाळेतला बिली क्लूव्हर हा विद्युत अभियंता होता. पुढे १९६६ मध्ये क्लूव्हर आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी दहा कलावंत आणि तीसेक अभियंते एकत्र आणून नऊ रात्रींचे प्रयोग केले. अभियंता हा कलावंताचा हरकाम्या नाही, जोडीदार आहे, हे क्लूव्हर आयुष्यभर सांगत राहिले.

आपल्याकडे अशोक सुकुमारन यांनी २००५ मध्ये मुंबईत जीपीओजवळच्या चौकात हाताने फिरवायचा एक दांडा लावला होता. दांडा फिरवला की इमारतींवर आणि झाडांवर ओळीने लावलेले दिवे एकामागून एक उजळत पुढे सरकायचे. रस्त्यावरचा कुणीही माणूस प्रकाश चौकाभोवती फिरवून आणू शकत होता. इंटरॅक्टिव्ह कलेसाठीचं ऑस्ट्रियातल्या लिंझचं गोल्डन निका हे मोठं पारितोषिक त्यांना २००७ मध्ये मिळालं आणि त्याच वर्षी शायना आनंद आणि संजय भंगार यांच्याबरोबर त्यांनी मुंबईत कॅम्प हा गट सुरू केला. तो दांडा मला जात्याच्या खुंट्याचा सख्खा भाऊ वाटतो. अंगठ्याने काच सरकवण्याच्या दिवसांत सबंध हात, दंड, खांदा लावून काहीतरी फिरवायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. आमच्या भागातच चौक गावाजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ मध्ये चित्रीकरणासाठी एनडी स्टुडिओ उभारला, खालापूर तालुक्यात २०१३ मध्ये इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झालं. किल्ले, महाल, हलणारी भुतं, वेळेवर उडणारं पाणी आणि आग. त्यामागे वेल्डर, वायरमन, रंगारी, फायबरचं काम करणारे कितीतरी हात आहेत. आसपासच्या गावातली पोरं या कामांवर शिकून तयार होतात आणि गावी आली की मंडपात उपयोगी पडतात.

आमचं जातं मंडपात लागलं तेव्हा पहिले आले ते मुलगे. खुंटा जोरात फिरवला, बाई मागे पडली, तळी घसरली, त्यांचा विरस झाला आणि ते गेले. दुपारी एक आजी आल्या, नात बरोबर. त्यांनी आधी बाईकडे नीट पाहिलं, नऊवारीचा काष्टा तपासल्यासारखा. मग पाटावर एक पाय लांब सोडून बसल्या आणि उजवा हात खुंट्याला लावला. मोटर सुरू झाली. आजींनी हात झटकन काढला, पुन्हा लावला. "अगं, ही ओढतेय!" त्या नातीला म्हणाल्या. दोन-तीन फेऱ्यांत त्यांचा खांदा लागला. तेव्हा मला पडद्यामागच्या आकड्यांत दिसलं की त्यांचं ढकलणं प्रत्येक फेरीला एकाच जागी येत होतं, मुलग्यांसारखं कुठेही नाही. वेग आपोआप मंदावत एका चालीवर आला. त्या ओवी म्हणाल्या, पुटपुटल्यासारखी, नातीलाही पुरती ऐकू आली नसेल. मधेच पदर सावरायला थांबल्या, बाई रेंगाळली. आजी तिला म्हणाल्या, "दमलीस होय?" आणि पुन्हा खुंटा धरला.

उठताना मात्र त्यांनी मला जाब विचारला. "पीठ कुठाय?"

बरोबर होतं त्यांचं. जात्यातून पीठ पडत नसेल तर दळायचं कशाला. त्या दिवसापासून बायका येताना मुठीत तांदूळ आणायला लागल्या. सवयीने डाव्या हाताने तोंडाशी सोडायच्या आणि तांदूळ आत नमद्यापाशी जाऊन बसायचे. रात्री मंडप शांत झाल्यावर तळी उचलायची, ब्रशने दाणे काढायचे, नटाचा दाब पुन्हा जुळवायचा. मग दादाने वरच्या तळीत पत्र्याची घसरगुंडी बसवली. तांदूळ वरून घातले की कडेने अख्खेच बाहेर पडतात. पीठ अजून होत नाही. पुढच्या वेळी वरची तळीही दगडाची घ्यायची असं ताईचं म्हणणं आहे. तेवढं वजन आणि तेवढं घर्षण या मोटरीला जड जाईल. बसची २४ व्होल्टवाली लागेल आणि नमद्याऐवजी दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

मंडपांच्या फलकांवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, देणगीदार, मूर्तिकार अशी नावं असतात. हलता देखावा करणाऱ्याचं नाव क्वचित असतं आणि मोटर ज्याने बसवली त्याचं तर मी कुठेच पाहिलेलं नाही. देखावा बंद पडला की मात्र त्याचं नाव माईकवरून पुकारतात. आम्ही आमच्या फलकावर सगळ्यांची नावं लिहिली, कुणी काय केलं ते सोपं करून लिहिलं: सांगाडा कुणाचा, कमरेची बिजागरी कुणाची, रंग, वायरिंग, रात्री तांदूळ काढणं. कामाचं श्रेय काम करणाऱ्याला असं नावानिशी मिळालं पाहिजे, हे मी प्रत्येक मंडळात जाऊन सांगतो आणि सांगत राहणार.

फलक वाचून वाडीवरचा एक मुलगा आला. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या पहिल्या वर्षाला आहे. त्यालाही त्याच्या वाडीत काहीतरी करायचंय, मोटर कुठे मिळेल, कशी बघून घ्यायची, विचारत होता. त्याला सांगितलं: कुर्ल्याला जा, भंगारच्या गल्लीत. जाताना १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि दोन क्लिपा बरोबर घेऊन जा, दुकानदाराच्या बॅटरीवर विसंबू नकोस. पाच तारांची बघ, म्हणजे दोन वेग आणि पार्किंग दोन्ही मिळतील. आधी हळू वेगावर लाव आणि कान दे. कुरकुर आली तर ग्रीस सुकलंय, ते चालतं, टक्‌-टक्‌ आली तर दाता तुटलाय, ती ठेवून दे. मग फडकं गुंडाळून शाफ्ट धर, किती जोर धरते ते बघ, पण क्षणभरच, नाहीतर आर्मेचर जळेल. पार्किंगवर ती घरी जाते का तपास. झाकण उघडून दाखवा म्हण. दुकानदार उघडत नसेल तर वाद घालू नकोस, पुढच्या दुकानात जा. आणि घ्यायचीच असेल तर एकाच बनावटीच्या दोन घे, एक लागेल, एक फोडून शिकायला.